हिरडा, कातडे आणि कोलॅजेनची डबी

१/ साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या गणपती पेठेत सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांतून आज ‘कोलॅजेन’ हा शब्द छापलेल्या डब्या मांडलेल्या दिसतात. वय वाढले की त्वचेतील कोलॅजेन घटते, म्हणून ते बाहेरून लावावे आणि सुरकुत्या घालवाव्यात, असा त्यांमागील युक्तिवाद. तो ऐकायला सरळ वाटतो. परंतु हा शब्द येथे पोहोचण्याच्या कितीतरी आधीपासून याच दोन जिल्ह्यांतील काही हात रोज कोलॅजेन हाताळीत होते. डबीची परीक्षा करायची, तर त्या हातांचा इतिहास उपयोगी पडतो.

२/ प्रथम पदार्थाची ओळख. कोलॅजेन हे प्रथिन आहे. मानवी शरीरातील एकूण प्रथिनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भाग त्याचाच. हाडे, स्नायुबंध, कूर्चा आणि त्वचा यांना बळकटी देणारे धागे त्यापासून विणलेले असतात. त्वचेचे ढोबळ दोन थर: वरची पातळ बाह्यत्वचा आणि खालची जाड अंतस्त्वचा. कोलॅजेनचे जाळे असते ते अंतस्त्वचेत. आणि बाजारातील प्रत्येक डबीतील मलम लावले जाते ते बाह्यत्वचेवर. सारा प्रश्न या दोन थरांमधील वाटेचा आहे.

३/ शब्दाचा उगमही बोलका आहे. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे चिकटवण्याचा डिंकासारखा पदार्थ. कोलॅजेन म्हणजे तो ‘उत्पन्न करणारा’. मराठी सुतार पिढ्यान्‌पिढ्या लाकडाचे सांधे ज्याने जोडीत, तो सरस हाच तो पदार्थ. जनावरांची कातडी आणि हाडे पाण्यात शिजवून सरस काढीत. उष्णतेने कोलॅजेनचा पीळ सुटतो आणि त्याचे जिलेटिन होते. ते आटवले की सरस. म्हणजे युरोपीय रसायनशास्त्राने नाव दिले त्याच्या फार आधीपासून हा पदार्थ मराठी सुताराच्या भांड्यात होता.

४/ सरस करणारा कोलॅजेन मोडतो. कातडे कमावणारा नेमके उलटे करतो: तो कोलॅजेन टिकवतो. कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते, वाळले तर लाकडासारखे ताठ होते आणि साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात आक्रसते. कमावलेले कातडे कुजत नाही, लवचिक राहते आणि अधिक उष्णता सोसते. या बदलाचे श्रेय कोलॅजेनच्या धाग्यांना आणि त्यांना आतून बांधून टाकणाऱ्या वनस्पतिज द्रव्यांना.

५/ या कलेचे दक्षिण महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध फळ म्हणजे कोल्हापुरी चप्पल. नाव कोल्हापूरचे असले तरी परंपरा एका शहराची नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, तसेच कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर अशा ८ जिल्ह्यांचा त्यात समावेश झाला. सातारा आणि सांगली हे या चर्मपरंपरेचे अधिकृत वारसदार आहेत.

६/ आता प्रक्रिया पाहू. म्हशीचे कच्चे कातडे प्रथम धुऊन चुन्याच्या निवळीत भिजत घालीत. काही दिवसांत केस सैल होत आणि वरची बाह्यत्वचाही सुटू लागे. मग बोथट सुरीने केस आणि तो थर खरवडून काढीत. आतल्या बाजूचे मांस व चरबी तासून टाकीत. चुन्यामुळे कातडे फुगे आणि कोलॅजेनच्या धाग्यांमधील जागा मोकळी होई. हे सारे झाल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नसे.

७/ पुढचे पाऊल म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा. दोन्ही कुटून पाण्यात भिजवले की तुरट द्राव तयार होतो. कोल्हापुरी कातड्याच्या पारंपरिक पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात हा द्राव व साल भरून ते टांगून ठेवीत. द्राव हळूहळू झिरपे, पुन्हा भरला जाई. हे काम घाईचे नव्हते. चुना उतरवलेल्या, उघड्या पडलेल्या कातड्यातही तुरटपणा पूर्ण मुरायला बराच काळ लागे.

८/ हिरडा येथे दूरचा नव्हता. महाबळेश्वर, जावळी, पाटण, कोयनेचे खोरे आणि सांगली जिल्ह्यातील शिराळ्याच्या पश्चिमेचे डोंगर ही सह्याद्रीची हिरड्याची भूमी. ब्रिटिश काळात हिरडा ही भारताची मोठी निर्यात होती. इंग्लंडमधील कातडी कमावण्याच्या कारखान्यांना तो हवा असे. त्या व्यापारात हिरड्याच्या प्रतींना ठिकाणांवरून नावे पडली होती आणि त्यांपैकी एक प्रत ‘वेंगुर्ला’ या नावाने ओळखली जाई. कोकणातील एका बंदराचे नाव परदेशी चर्मकारखान्यांच्या बोलीत असे रुळले.

९/ हिरड्यातील प्रभावी द्रव्य म्हणजे टॅनिन. त्याचे प्रमाण फळात साधारण ३० टक्क्यांपर्यंत असते. वनस्पतिज टॅनिनांच्या रेणूंचे वजन सामान्यतः ५०० ते ३००० डाल्टन मानले जाते. डाल्टन हे रेणूचे वजन मोजण्याचे एकक. हायड्रोजनचा एक अणू सुमारे १ डाल्टनचा. ५०० ते ३००० हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच्याशीच तुलना करायची आहे.

१०/ चर्मकाराच्या कृतीतील मुख्य धडा येथे आहे. कोलॅजेनपर्यंत टॅनिन पोहोचवायचे तर आधी बाह्यत्वचा काढावी लागते, धागे सैल करावे लागतात आणि मग द्राव दीर्घ काळ मुरू द्यावा लागतो. वरून नुसता हिरडा चोळून कातडे कमावता आले असते, तर चुन्याचे हौद कोणी बांधले असते? त्वचेचे दार वरून बंद असते, हे ज्ञान या हौदांमध्ये साठलेले आहे. मेलेल्या जनावराच्या कातड्याचे जे खरे, ते जिवंत माणसाच्या त्वचेचे अधिकच खरे; कारण जिवंत त्वचा ते दार रोज नव्याने घडवीत असते.

११/ याच हिरड्याचे दुसरे रूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनांचा, म्हणजे जरा दूर ठेवण्याच्या उपायांचा. आणि त्याच्या पहिल्या पादाच्या नावातच अभया, म्हणजे हिरडा, आणि आवळा आहेत. वार्धक्य लांबवण्याची आकांक्षा प्राचीनच. मात्र तेथील हिरडा पोटात घ्यायचा आहे. त्या रसायनांचे दावे आधुनिक कसोटीवर कितपत उतरतात, हा वेगळा विषय. परंतु तारुण्याचे वचन देणारी बाजारपेठ कालची नाही, एवढे यावरून कळते.

१२/ आणि एक कटू विरोधाभास. ज्यांनी त्वचेची रचना हाताने वाचली, त्या ढोर आणि चर्मकार समाजांना गावगाड्याने गावकुसाजवळ किंवा त्याबाहेर ठेवले. मोट त्यांच्या कातड्याची, नाडा आणि चप्पल त्यांच्या हातची. शिवाशिव मात्र त्यांचीच. चामड्याला हात लावणे अपवित्र ठरले, म्हणून त्या हातातील ज्ञान ग्रंथात आले नाही. त्वचेविषयीचे एक अनुभवसिद्ध शास्त्र अशा रीतीने समाजाच्या नजरेबाहेर राहिले.

१३/ हे शास्त्र प्रयोगशाळेत पोहोचले ते स्वातंत्र्यानंतर, आणि तेही कातड्याच्याच वाटेने. १९४८ मध्ये मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या शेजारीच मद्रास विद्यापीठाचा परिसर. १९५२ मध्ये तेथील भौतिकशास्त्र विभागाची धुरा गो. ना. रामचंद्रन या तरुण शास्त्रज्ञाकडे आली. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असता कोलॅजेनची रचना अद्याप उलगडलेली नाही, हे त्यांच्या बोलण्यातून निघाले. रामचंद्रन यांना विषय सापडला आणि नमुना शेजारच्या चर्मसंस्थेत मिळाला: कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंध.

१४/ १९५४ मध्ये रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली आणि १९५५ मध्ये ती सुधारून तिला दोरासारखा पीळ असल्याचे दाखवले. तीन साखळ्या, प्रत्येकीत सुमारे १००० अमिनो आम्ले, आणि प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. वेणी घट्ट बसायची तर तिसरी जागा लहानच हवी. तपशिलांवर फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांच्याशी वाद झाला. तिपेडी वेणीचा गाभा मात्र टिकला.

१५/ या रचनेतून एक आकडा निघतो आणि तोच डबीचा निकाल लावतो. कोलॅजेनच्या एका पूर्ण रेणूचे वजन सुमारे ३,००,००० डाल्टन. २००० मध्ये बॉस आणि माइनार्डी या डच संशोधकांनी त्वचेतून आत जाणाऱ्या औषधांचा आढावा घेऊन एक ठोकताळा मांडला: धडधाकट त्वचेतून आत जायचे तर रेणू साधारण ५०० डाल्टनच्या आतला हवा. कोलॅजेन त्या मर्यादेच्या ६०० पट आहे. हिरड्याचे टॅनिनसुद्धा या उंबरठ्यावर अडते. मग कोलॅजेनची कथाच नको.

१६/ हा उंबरठा किती जाड? त्वचेचा सर्वांत वरचा शृंगस्तर शरीराच्या बहुतेक भागांवर केवळ १० ते २० मायक्रोमीटरचा, म्हणजे कागदाच्या पानाहूनही पातळ. परंतु चपट्या मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये यांची ही भिंत अत्यंत चिरेबंद असते. ती नसती तर अंगातील पाणी उडून गेले असते आणि जंतू आत शिरले असते. मलमाला अडवणारी भिंत हीच माणसाला जगवणारी भिंत आहे.

१७/ समजा, कोलॅजेन कसेबसे आत गेले, तरी पुढे काय? अंतस्त्वचेतील जाळे हे ढिगाने साठवलेले धागे नव्हेत. तेथील पेशी स्वतः कोलॅजेन तयार करतात, बाहेर सोडतात, त्याचे धागे रचतात आणि धाग्यांना धागे बांधतात. जुन्या इरकली लुगड्यावर सुताची गुंडी ठेवली म्हणून विरलेला भाग विणला जात नाही. त्यासाठी विणकर लागतो. त्वचेतला विणकर म्हणजे तेथील पेशी. डबीतील कोलॅजेन फार तर सूत आहे, आणि तेही दाराबाहेरच राहिलेले.

१८/ मग क्रीम लावल्यावर चेहरा तुकतुकीत दिसतो, तो भास का? भास नव्हे. कोलॅजेन पाणी धरून ठेवते आणि त्वचेवर पातळ थर निर्माण करते. वरचा थर ओलावला की किंचित फुगतो, बारीक रेषा तेवढ्यापुरत्या बुजतात. पण हे काम ग्लिसरीन किंवा साधे व्हॅसलीनही करते. कोलॅजेन क्रीम हे त्वचा मऊ ठेवणारे मलम म्हणून प्रामाणिक आहे; त्वचेतील कोलॅजेन भरून काढणारे म्हणून नाही.

१९/ काही डब्यांवर ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजेन’ किंवा ‘पेप्टाइड’ असे लिहिलेले असते. हे कोलॅजेनचे बारीक तुकडे. काही अगदी लहान पेप्टाइडांना स्निग्ध आम्लाची जोड दिली, तर ती थोडी आत जाऊन पेशींना चेतवतात, असे काही प्रयोग सांगतात. परंतु हे प्रयोग बहुधा लहान आहेत आणि त्यांत दिसलेला परिणामही माफक आहे. ‘तुकडा लहान केला’ एवढ्याने ‘सुरकुती गेली’ हे सिद्ध होत नाही.

२०/ वैद्यकाने दार ओलांडण्याचाही प्रयत्न केला. १९८१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गाईच्या कोलॅजेनच्या इंजेक्शनला मान्यता दिली. सुईने शृंगस्तर ओलांडला आणि कोलॅजेन थेट अंतस्त्वचेत ठेवले. सुरकुत्या भरल्या, पण काही महिन्यांत शरीराने ते पाहुणे कोलॅजेन पचवून टाकले आणि इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागले. नेमक्या जागी ठेवलेले कोलॅजेनही कायमचे नांदत नाही, हा त्या प्रयोगाचा धडा.

२१/ आता दुधात किंवा पाण्यात मिसळून पिण्याची कोलॅजेनची भुकटीही घरोघर येऊ लागली आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा २३ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. सर्व चाचण्या मिळून लाभ दिसत होता. पण कंपन्यांचा निधी नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा तो दिसेनासा झाला. इतिहासाच्या अभ्यासकाला ही कसोटी परिचित आहे: बखर वाचण्याआधी ती कोणाच्या पदरी लिहिली गेली, हे पाहावे.

२२/ कायद्याची भाषाही बारकाईने वाचण्याजोगी आहे. भारतातील १९४० च्या औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुशोभित करण्यासाठी किंवा त्याचे रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. शरीराच्या रचनेत किंवा कार्यात बदल घडवणारी वस्तू औषधाच्या वर्गात जाते आणि तिला पुरावा द्यावा लागतो. म्हणून जाहिरातीत ‘सुरकुत्या कमी होतात’ याऐवजी ‘कमी दिसतात’ असे शब्द येतात. त्या एका क्रियापदात कायदा आणि शास्त्र दोन्ही दडलेले आहेत.

२३/ त्वचेतील कोलॅजेन मुळात का घटते? वयानुसार, प्रौढपणी दरवर्षी सुमारे १ टक्का, असा रूढ अंदाज आहे. तंबाखूचा धूरही हातभार लावतो. पण उघड्या त्वचेचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ऊन. उन्हातील अतिनील किरणांमुळे कोलॅजेन कापणारी विकरे त्वचेत वाढतात. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकाने २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या चालकाचे छायाचित्र छापले. खिडकीकडच्या बाजूचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्याहून कितीतरी म्हातारा होता. माणूस एक, वय एक. फरक केवळ उन्हाचा.

२४/ बाहेरून लावलेले काहीच उपयोगी नाही, असेही नाही. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध. १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उन्हाने बिघडलेल्या त्वचेवर १० ते १२ महिने ते लावल्यावर कोलॅजेनची निर्मिती ८० टक्क्यांनी वाढली, नुसते मलम लावलेल्यांत ती १४ टक्क्यांनी घटली. त्याच्या रेणूचे वजन सुमारे ३०० डाल्टन. ते ५०० च्या दारातून आत जाते आणि सूत न देता विणकराला जागे करते. मात्र ते औषध आहे: त्वचेचा दाह होऊ शकतो, गर्भारपणी ते वर्ज्य, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना वापरू नये.

२५/ आणि जे आहे ते राखण्याचा उपाय याहून सोपा. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे १९९२ ते १९९६ या काळात ५५ वर्षांखालील ९०३ प्रौढांवर चाचणी झाली. तिचे या विषयावरील निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज उन्हापासून बचावाचे मलम लावणाऱ्यांत साडेचार वर्षांत त्वचेचे वार्धक्य मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. कोलॅजेन विकत आणण्यापेक्षा असलेले कोलॅजेन उन्हापासून वाचवणे अधिक फलदायी, असा त्याचा अर्थ.

२६/ हा निष्कर्ष कृष्णाकाठाला नवा वाटू नये. वाळव्याच्या उसात, तासगावच्या द्राक्षबागांत, माण-खटावच्या माळावर आणि जतच्या शिवारात राबणाऱ्यांनी डोईवरचा पदर, पटका, टापर आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांचा आश्रय पूर्वीपासून घेतला आहे. मळ्यात खपणाऱ्या बाईने नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावरून चढवला, तर तो तिच्या कोलॅजेनसाठी डबीहून मोठा राखणदार ठरतो. चेहरा आणि हात उघडे राहतात, तेथे मलमाची जोड द्यावी. ज्यांच्या हाती रोजची मोजकी मजुरी येते, त्यांनी ती कशावर खर्चावी, हा प्रश्न शोभेचा नाही, पोटाचा आहे.

२७/ म्हणून डबीविषयीचा निवाडा असा: कोलॅजेन क्रीम त्वचा मऊ ठेवते, पण तिच्या आतील कोलॅजेन वाढवीत नाही. हा निवाडा मद्रासच्या क्ष-किरण चित्रांनी आणि परदेशी चाचण्यांनी सिद्ध केला खरा. पण त्याचे पहिले वाक्य चुन्याच्या हौदाशी केव्हाच लिहिले गेले होते. कातड्यात काही मुरवायचे तर आधी त्याचे दार काढावे लागते, हे त्या हौदाशी उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला माहीत होते. त्याला कोणी विचारले नाही, एवढेच.